अँटीबॉडी येईपर्यंत: विषाणू शिरल्यावर मासा पहिले काही दिवस कसा तग धरतो

मराठवाड्यात मासे म्हटलं की आधी नाथसागर आठवतो, मग येलदरी, माजलगाव, विष्णुपुरी. पण गेल्या काही वर्षांत मासा धरणावरून शेतात आला. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल तळं, खाली प्लास्टिकचं अस्तर, मोसंबीसाठी साठवलेलं पाणी, आणि पाणी आहेच तर सोडू थोडी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), असा साधा हिशोब असतो. रोहू, कटला, मृगळ, सोबत सायप्रिनस (हे चारही कार्प कुळातले), कुठेकुठे तिलापिया. चार-पाच महिने सगळं सुरळीत चालतं. मग एखाद्या सकाळी काठाला पालथे पडलेले मासे दिसतात. माणूस धावत दुकानात जातो आणि दुकानदार कोंबड्यांचं अँटिबायोटिक हातात देतो.

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. माशांच्या विषाणूजन्य आजारांवर तळ्यात टाकावं असं कुठलंही औषध आज बाजारात नाही. विषाणू शिरलाच तर जे काही करायचं ते माशाच्या शरीरानंच करायचं असतं. ते शरीर नेमकं काय करतं, विशेषतः पहिल्या काही तासांत आणि दिवसांत, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खूप काम झालं आहे. त्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की विषाणूविरुद्ध पेटून उठणं पेशीला फारसं जड जात नाही. किती पेटायचं आणि कधी थांबायचं, हे जड जातं. आणि विषाणू नेमका तिथेच हात घालतो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर लेख वाचून प्रत्येक मेल्या माशात विषाणू दिसायला लागेल. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि मोठे मासे आधी मेले असतील, तर बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. हिवाळ्यात अंगावर लाल चट्टे पडून जखमा होणारा आजार भारतात १९८८ पासून माहीत आहे. त्याचं कारण बुरशीसारखा एक जीव आहे. विषाणूचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो. पण लागला की मरतूक मोठी होते.

माशाकडे काय नाही, ते आधी

माणसासारखीच माशाच्याही संरक्षणाची दोन अंगं असतात. एक जन्मजात, कुणीही शत्रू आला तरी चालून जाणारं. दुसरं शिकून मिळवलेलं. त्यात ठरावीक शत्रूला नेमकं धरणारी प्रथिनं म्हणजे अँटीबॉडी आल्या, आणि एकदा भेटलेला शत्रू लक्षात ठेवणाऱ्या पेशी आल्या. फरक असा, की माशाचं हे दुसरं अंग फार सावकाश कामाला लागतं. माशाच्या हाडांत रक्तपेशी तयार करणारा मगज नसतो. ते काम मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग करतो. आपल्या गळ्यात-काखेत असतात तशा लसिका गाठीही माशाला नाहीत. कार्पसारख्या माशात पुरेशा अँटीबॉडी तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, थंड पाण्यातल्या ट्राउटला त्याहून जास्त. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की हे सगळं आणखी मंदावतं.

आणि लहान पिल्लांकडे तर हे दुसरं अंग जवळजवळ नसतंच. झेब्राफिश हा आपल्या उपखंडातल्या ओढ्या-नद्यांतला इवलासा पट्टेदार मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत पाळतात. त्याची शिकून मिळवलेली प्रतिकारशक्ती पूर्ण तयार व्हायला जन्मानंतर चार ते सहा आठवडे जातात. आपल्याकडे मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) विकले जातात तेव्हा त्यांचं वय मोजून काही दिवसांचं असतं. त्या अवस्थेत विषाणू भिडला तर आईनं अंड्यात ठेवलेली थोडीफार शिदोरी आणि जन्मजात संरक्षण, एवढ्यावरच भागवायचं. लहान बीज एका झटक्यात का संपतं आणि बोटुकली का टिकते, याचं एक कारण इथे आहे.

विषाणू मात्र आठवडे थांबत नाही. पेशीत शिरल्यावर काही तासांत तो स्वतःच्या नकला काढायला लागतो. मधली सगळी वेळ जन्मजात अंगानं निभावायची.

परका ओळखायचा कसा

पेशीपुढची पहिली अडचण ओळखीची आहे. विषाणू आत येतो तो जवळपास रिकाम्या हातानं. थोडी प्रथिनं आणि आरएनए किंवा डीएनएचा एक तुकडा, बस. पुढचं सगळं तो पेशीच्याच साहित्यातून करून घेतो. जिवाणूला स्वतःची वेगळी भिंत असते, ती हाताला लागते. विषाणूचं तसं नाही.

पण नकला काढताना तो खुणा सोडतो. पेशीचा स्वतःचा आरएनए एकेरी धाग्याचा असतो आणि संदेशवाहक आरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी घातलेली असते. आरएनए विषाणूंच्या नकला निघताना लांबच लांब दुहेरी धागे तयार होतात, आणि पुष्कळदा टोक उघडं राहतं, त्यावर तीन फॉस्फेट तसेच लटकलेले असतात. निरोगी पेशीत असं सहसा दिसत नाही. त्यामुळे पेशीत दिवसरात्र फिरणारी काही प्रथिनं फक्त हेच शोधत असतात.

त्यातली दोन महत्त्वाची नावं म्हणजे रिग-आय आणि एमडीए५. ही पेशीद्रवात असतात. रिग-आय उघड्या टोकाच्या आरएनएला चिकटतं, एमडीए५ लांब दुहेरी धाग्याला. ही दोन्ही माणसातही आहेत. आणखी एक कुटुंब आहे, टीएलआर नावाचं. त्यातलं टीएलआर३ पेशीच्या आतल्या पिशव्यांत बसून दुहेरी आरएनए ओळखतं, आपल्यातही आणि माशातही. माशाकडे मात्र एक जास्तीचं आहे, टीएलआर२२. ते माशांत आणि बेडकांत सापडतं, माणसात नाही. फुगू माशावरच्या कामात दिसलं, की टीएलआर२२ पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतं आणि लांब दुहेरी आरएनए पकडतं. फुटलेल्या शेजारच्या पेशीतून पाण्यात-रसात सांडलेला आरएनएसुद्धा त्यामुळे हाती लागतो. चोवीस तास पाण्यात राहणाऱ्या, कल्ल्यांवरून सतत पाणी वाहू देणाऱ्या जिवाला बाहेर बघणारा असा एक जास्तीचा पहारा असणं मला तरी साहजिक वाटतं. हेच जनुक आपल्या रोहूमध्येही आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये जनुक कापणाऱ्या क्रिस्पर तंत्रानं रोहूतलं टीएलआर२२ बंद पाडून दाखवलं. एखादं जनुक काय करतं हे कळायचं तर ते नसलेला मासा हाताशी लागतो, तो त्यांनी तयार केला.

ओळख पटली की पुढची साखळी सुरू होते. रिग-आय आणि एमडीए५ जाऊन मॅव्हस नावाच्या प्रथिनाला गाठतात. हे मॅव्हस मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणावर रोवलेलं असतं. शाळेत आपण मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र एवढंच पाठ करतो, पण विषाणूविरुद्धची मसलत तिथेच बसून होते हे पुस्तकात सहसा येत नाही. मॅव्हस जागं झालं की टीबीके१ नावाच्या विकराला कामाला लावतं. टीबीके१ दुसऱ्या दोन प्रथिनांवर, आयआरएफ३ आणि आयआरएफ७ वर, फॉस्फेट बसवतं. फॉस्फेट बसलेली ही दोघं पेशीकेंद्रकात जातात आणि इंटरफेरॉन या इशारा देणाऱ्या प्रथिनाचं जनुक चालू करतात. आरएनएची भेट ते जनुक चालू होणं, हा सगळा प्रवास काही तासांचा.

साखळीतल्या कड्या इतक्या का, असा प्रश्न पडतो. सरळ रिग-आयनंच जनुक चालू केलं असतं तर? पण प्रत्येक कडीवर पेशीला एक संधी मिळते, जोर वाढवण्याची किंवा कमी करण्याची. त्याकडे पुढे येतोच.

इंटरफेरॉन आणि शेजार

१९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पटलावर उष्णतेनं निकामी केलेला फ्लूचा विषाणू टाकला. मग ते द्रावण काढून ताज्या पटलावर घातलं, तर त्या ताज्या पटलात जिवंत विषाणूही वाढेना. द्रावणात काहीतरी उतरलं होतं. ते इंटरफेरॉन. माशांच्या पेशींत असाच गुण १९६० च्या दशकात दिसला. १९७३ मध्ये फ्रान्समध्ये विषाणू टोचलेल्या रेनबो ट्राउटच्या रक्तरसात तो मोजला गेला. पण हे करणारं जनुक हाती यायला २००३ उजाडलं. त्या वर्षी झेब्राफिश आणि अटलांटिक सालमन या दोन्ही माशांतून इंटरफेरॉनची जनुकं वेगळी केली गेली. त्यानंतर कामाला जो वेग आला तो आजही आहे.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी बघता येतं. काचेसारख्या पारदर्शक बशीच्या तळाशी माशाच्या पेशींचा सलग थर वाढवलेला असतो. त्यात विषाणू सोडला की दोन-तीन दिवसांत थराला भोकं पडतात. रंग टाकला की जिवंत पेशी जांभळ्या होतात आणि भोकं पांढरी राहतात. दुसऱ्या बशीत आधी इंटरफेरॉन असलेलं द्रावण घालून काही तास ठेवतात आणि मग तेवढाच विषाणू सोडतात. ती बशी जवळपास पूर्ण जांभळी राहते. विषाणू तोच, पेशी त्याच, फक्त आधी मिळालेली सूचना वेगळी.

ज्वारीच्या हंगामात रात्री जागलीला गेलेल्यांना हे लवकर उमगेल. एका माळ्यावरच्या माणसाला रानडुकरांची चाहूल लागली की तो ओरडतो, डबा बडवतो. त्याच्या शेताचं जे नुकसान व्हायचं ते कदाचित होऊनही गेलेलं असतं, पण शेजारचे सगळे उठून बसतात. इंटरफेरॉनही बाधा झालेल्या पेशीतून बाहेर पडतं आणि मुख्य फायदा होतो तो अजून बाधा न झालेल्या शेजारच्या पेशींना.

शेजारच्या पेशीवर इंटरफेरॉन घ्यायला ग्राहक प्रथिनांची जोडी असते. इथे माशांची एक खासियत आहे. त्यांच्यात या प्रकारच्या इंटरफेरॉनचे दोन गट आहेत. एका गटाच्या रेणूत सिस्टीन हे अमिनो आम्ल दोनदा येतं, दुसऱ्यात चारदा. झेब्राफिशमध्ये दोन्ही गटांच्या ग्राहकात एक प्रथिन सामाईक आहे आणि दुसरं वेगवेगळं. म्हणजे कोणत्या ऊतीत कोणता ग्राहक आहे त्यावर कोणता इंटरफेरॉन तिथे चालणार हे ठरतं. माणसातल्या या जनुकांची मांडणीही वेगळी आहे, पण त्या खोलात इथे शिरत नाही.

सूचना मिळालेली पेशी शेकडो जनुकं चालू करते. त्यातली तीन-चार सांगतो. एमएक्स हे प्रथिन विषाणूच्या घटकांना अडकवून धरतं. पीकेआर विषाणूचा दुहेरी आरएनए दिसला की पेशीतलं प्रथिन बनवण्याचं कामच थांबवतं. विषाणूला स्वतःची प्रथिनं मिळत नाहीत, पण पेशीलाही मिळत नाहीत, हे लक्षात ठेवा. माशांत पीकेआरचा पीकेझेड नावाचा एक चुलतभाऊही आहे, तो आपल्यात नाही. आणि व्हायपेरिन. आज माणसाच्या विषाणूशास्त्रात गाजलेल्या या प्रथिनाचं पूर्ण जनुक १९९९ मध्ये ट्राउटमधून वर्णन केलं गेलं, विषाणू लागल्यावर कोणती जनुकं चालू होतात हे शोधताना. माशांवर काम करणाऱ्यांना ‘याचा माणसाला काय उपयोग’ हा प्रश्न नेहमी ऐकावा लागतो. त्यांच्यासाठी हे उदाहरण खिशात ठेवण्यासारखं आहे.

आणखी एक काम मला फार आवडतं. चिकुनगुन्या आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पॅरिसमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये झेब्राफिशच्या पिल्लांना चिकुनगुन्याचा विषाणू टोचला. पिल्लं पारदर्शक, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणीच सगळं दिसतं. बहुतेक पिल्लं आजारी पडून बरी झाली. इंटरफेरॉनचे ग्राहक आधी बंद केलेली पिल्लं मात्र मेली. त्या वयात अँटीबॉडी नसतातच, म्हणजे बरं होणं हे इंटरफेरॉनचंच श्रेय. कोणत्या पेशी इंटरफेरॉन बनवत होत्या हेही चमकणाऱ्या रंगामुळे दिसलं: यकृताच्या पेशी आणि न्यूट्रोफिल. न्यूट्रोफिल म्हणजे जिवाणू गिळणारी पांढरी पेशी असं आपण धरून चालतो. विषाणूच्या वेळीही ती एवढी उपयोगी पडेल असं फारसं कुणी धरलं नव्हतं.

मग थांबवायचं कुणी

सगळी रात्र सगळ्या शिवारात डबे वाजत राहिले तर सकाळी काम कोण करणार? पीकेआरचं उदाहरण वर आलंच. इंटरफेरॉन चालू असलेली पेशी नेहमीची कामं बाजूला ठेवते. प्रथिनं बनणं मंदावतं, पेशी विभागत नाही, सूज वाढते, काही पेशी स्वतःला संपवतात. हे दोन दिवस चालतं तोवर ठीक. दोन आठवडे चाललं तर विषाणूपेक्षा हेच जड जाईल. माशाचं कल्ल्याचं पटल किती नाजूक असतं ते बघा: तिथे सूज आली की प्राणवायू घेणंच अवघड.

म्हणून पेशी चालू करण्याबरोबरच थांबवण्याचीही सोय करून ठेवते, आणि बऱ्याचदा त्याच सूचनेनं. इंटरफेरॉननं जी शेकडो जनुकं चालू होतात त्यांत एसओसीएस१ असतं. त्याचं काम इंटरफेरॉनचा निरोप ग्राहकापासून पुढे जाऊ न देणं. निरोप जितका जोरात, तितकं एसओसीएस१ जास्त, तितका पुढचा निरोप दबलेला. झेब्राफिशमध्ये आयआरएफ१० हेही असंच. आयआरएफ३ आणि ७ इंटरफेरॉन चालू करतात, त्यांच्याच कुटुंबातलं आयआरएफ१० त्याला आवर घालतं. माणसात हे प्रथिन नाही. पक्ष्यांत आणि माशांत आहे.

टीबीके१ ची गंमत वेगळीच. एकाच जनुकाच्या संदेशाची कापाकापी वेगळ्या प्रकारे करून झेब्राफिशची पेशी टीबीके१ चे तुटके प्रकारही बनवते. ही तुटकी प्रथिनं स्वतः फॉस्फेट बसवत नाहीत, पण पूर्ण टीबीके१ आणि आयआरएफ३ यांच्या मध्ये येतात. एकाच जनुकातून काम करणारा आणि काम अडवणारा, दोन्ही.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे युबिक्विटिन. हे इवलंसं प्रथिन दुसऱ्या प्रथिनांना चिकटवलं जातं. साखळी एका प्रकारे जोडली तर ते प्रथिन मोडीत निघतं. दुसऱ्या प्रकारे जोडली तर उलट ते जास्त कामाला लागतं. रिग-आय, मॅव्हस, टीबीके१ या प्रत्येक कडीवर हे चिकटवणं-काढणं चालू असतं. ते करणाऱ्या ट्रिम कुटुंबातल्या प्रथिनांची एक मोठी शाखा तर फक्त माशांत वाढली आहे. झेब्राफिशमध्ये तिची डझनावारी जनुकं आहेत. काही इंटरफेरॉनला जोर देतात, काही दाबतात. याचा पूर्ण हिशोब अजून लागायचा आहे, आणि दर वर्षी निघणाऱ्या शोधनिबंधांपैकी पुष्कळ ‘अमुक प्रथिन तमुकला दाबतं’ याच साच्यातले असतात हेही खरं. बशीतल्या पेशीत एखादं प्रथिन भरमसाट बनवलं की काहीतरी दबतंच. जिवंत माशात ते जनुक काढून टाकल्यावर मासा जगतो की मरतो, हे दाखवणारं काम मी जास्त मानतो.

आता विषाणूकडे. युरोपात कार्पला वसंतात होणारा एक आजार आहे, स्प्रिंग व्हायरेमिया. त्याचा विषाणू रेबीजच्या कुळातला आणि फार गरीब: पाच जनुकं, पाच मुख्य प्रथिनं. एवढ्या तुटपुंज्या सामानातली दोन प्रथिनं तो पेशीला गप्प करण्यासाठी वापरतो. एन प्रथिनाचं मूळ काम विषाणूचा आरएनए गुंडाळून ठेवणं, पण ते पेशीतल्या मॅव्हसलाही युबिक्विटिन लावून मोडीत पाठवतं. पी प्रथिन टीबीके१ समोर स्वतःच उभं राहतं. फॉस्फेट त्यालाच बसतो आणि आयआरएफ३ कोरडं राहतं. गवत्या माशाच्या (ग्रास कार्पच्या) रिओव्हायरसमध्येही अशाच युक्त्या सापडल्या आहेत. म्हणजे पेशीनं स्वतःला आवरण्यासाठी जी सोय केली, तीच विषाणूनं उचलली. वेगळं हत्यार आणायची त्याला गरजच पडली नाही.

पाणी किती गरम

हा भाग मराठवाड्यात राहणाऱ्यानं जरा सावकाश वाचावा, कारण परभणीत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एक अंकी होतो आणि मे महिन्यात दुपारी चाळिशीपार जातो. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम. आपल्याला ताप येतो तो आतून. माशाला तसा येत नाही, पण तो ताप आणू शकतो, जागा बदलून. २०१३ मध्ये झेब्राफिशवर केलेल्या प्रयोगात विषाणूसारखा दुहेरी आरएनए टोचलेले मासे नेहमीपेक्षा उबदार पाण्याच्या कप्प्यात जाऊन राहिले, आणि तिथे त्यांची विषाणूविरोधी जनुकं जास्त जोमानं चालली.

चार वर्षांनी कार्पवर आलेला प्रयोग याहून भारी. टाकीत तीन कप्पे: २४, २८ आणि ३२ अंश. कार्पना कोई हर्पीसविषाणू दिला. आजारी पडलेले मासे स्वतःहून ३२ अंशांच्या कप्प्याकडे सरकले. जाऊ दिलेल्यांचा जीव वाचला, २४ अंशांवर अडवून ठेवलेल्यांत मोठी मरतूक झाली. आणि गोम अशी: सरकायला ते बरेच दिवस लावत होते. का, तर विषाणूच टीएनएफ या तापाच्या संदेशाला वाटेत धरून ठेवणारं एक प्रथिन सोडत होता. ते जनुक काढलेला विषाणू दिला तर मासे लवकर उबेला गेले. इंटरफेरॉनची साखळी तोडणं वेगळं, पण माशानं कुठे पोहायचं हे विषाणूनं ठरवणं, यावर मी बराच वेळ विचार करत बसलो होतो.

याचा अर्थ पाणी गरम करा असा नाही. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि कल्ले सुजलेल्या माशाला तोच आधी लागतो. शिवाय प्रत्येक विषाणूचं आवडतं तापमान वेगळं. स्प्रिंग व्हायरेमिया थंड पाण्यात उसळतो. तिलापियाचा लेक व्हायरस मात्र आपल्यासारख्या उबदार पाण्यातच त्रास देतो. त्याचं पहिलं वर्णन २०१४ मध्ये इस्रायलमधून आलं आणि २०१८ मध्ये भारतातल्या पश्चिम बंगाल व केरळमधल्या तिलापियात तो सापडल्याची नोंद झाली. पण एवढं समजतं, की माशाला निवडीला जागा हवी. तीन मीटर खोल भरलेल्या तळ्यात वरचं आणि खालचं पाणी सारखं नसतं. उन्हाळ्यात मीटरभर उरलं की निवड संपते. मासा तेव्हा जिथे आहे तिथेच शिजतो किंवा गारठतो. पाणी आटताना मासे काढून घ्यावेत की ठेवावेत, या वादात हा मुद्दा सहसा कुणी मोजत नाही.

हाती काय लागतं

पहिल्या दिवसांच्या या यंत्रणेचा खरा वापर आजवर लशीत झाला. सालमनच्या आयएचएन या विषाणूविरुद्धची डीएनए लस कॅनडात २००५ मध्ये मंजूर झाली. विषाणूच्या एका प्रथिनाचं डीएनए स्नायूत टोचायचं. ट्राउटवरच्या प्रयोगांत दिसलं, की अशी लस दिल्यावर काही दिवसांतच मासा त्या विषाणूपासून, आणि त्याच्या कुळातल्या दुसऱ्या विषाणूपासूनही वाचतो. एवढ्या लवकर अँटीबॉडी येत नाहीत. ते इंटरफेरॉनचं काम. काही आठवड्यांनी दुसऱ्या विषाणूविरुद्धचं संरक्षण ओसरतं आणि लशीतल्या विषाणूविरुद्धचं टिकतं. म्हणजे एकाच टोचणीत आधी इंटरफेरॉन, मग अँटीबॉडी, हा सगळा क्रम दिसतो. रोहू-कटल्याला एकेक धरून सुई टोचणं आपल्या हिशोबात बसत नाही, तो भाग वेगळा.

बाजारात प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून खाद्यात मिसळायची पूड मिळते, बहुतेकदा यीस्टपासून काढलेलं बीटा-ग्लुकान. ती खोटी नाही. जन्मजात पेशी तिनं जाग्या होतात. पण वर्षभर रोज खाऊ घालण्याची ती गोष्ट नव्हे. सतत दिल्यावर प्रतिसाद मंदावल्याचं प्रयोगांत दिसलं आहे, आणि एसओसीएसचा परिच्छेद वाचलेल्याला त्याचं आश्चर्य वाटू नये. बीज सोडण्याआधी किंवा थंडीच्या तोंडावर थोडे दिवस द्यावी, असं माझं मत.

त्याहून स्वस्त आणि जास्त उपयोगी म्हणजे माशाला घाबरवणं कमी करणं. जाळ्यात गर्दी झाली, पिशवीत तासन् तास प्रवास झाला, की माशाच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढतं आणि ते प्रतिकारशक्ती दाबतं. बीजाची पिशवी आणली की लगेच तोंड सोडून तळ्यात ओततात ना, ते थांबवा. बांधलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडंथोडं आत घ्यायचं, मग पिशवी आडवी करून बीज आपणहून बाहेर पडू द्यायचं. नव्या ठिकाणचं बीज जुन्या माशांत मिसळण्याआधी काही आठवडे वेगळं ठेवता आलं तर उत्तम. एका तळ्याचं जाळं दुसऱ्यात टाकण्याआधी कडक उन्हात पूर्ण वाळवायचं.

आणि मरतूक झालीच तर तपासणी. मराठवाड्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय खातंही वाट दाखवतं. फक्त तिथे नेताना दोन दिवस पाण्यावर तरंगून फुगलेला मासा नेऊ नका. विषाणूचा आरएनए कुजण्यात लवकर नाहीसा होतो आणि अहवाल ‘काही सापडलं नाही’ असा येतो. सुस्तावलेला, कडेला येऊन तिरका पोहणारा, पण कल्ले अजून हलताहेत असा मासा शोधा. प्राणवायू भरलेल्या पिशवीत तो जिवंत नेता आला तर सगळ्यात चांगलं. नाहीतर नुकता मेलेला मासा प्लास्टिकच्या पिशवीत घालून भरपूर बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. सोबत कागदावर लिहून न्या: पाणी किती खोल होतं, मरतूक कोणत्या तारखेला सुरू झाली, आधी कोणत्या जातीचे मासे मेले, आणि शेवटचं बीज कधी, कुठून आणलं.